नऊ वाफे, मुळासकट

तोगाने, ४ नोव्हेंबर १९७२

प्रिय कोतो मावशी,

दुरूनच वाकून नमस्कार. मी पोचलो. गाडी चार मिनिटं उशिरा आली. त्यात माझी चूक नव्हती, तरी मी इशिगे काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी तू चालवत होतास का?" मी नाही म्हणालो.

घरात दोनच माणसं. गोनपेई इशिगे काका आणि त्यांची मुलगी फुसाए, जिला आपण मध्यस्थाच्या घरी पाहिलं होतं. ठरल्याप्रमाणे मी २१ मार्चपर्यंत इथे राबायचं. पसंत पडलो तर घरजावई, आडनाव इशिगे. नाही पडलो तर परत किशिवादाला, तुझ्या खानावळीत बशा धुवायला. काकांनी हे जेवताना पुन्हा एकदा स्पष्ट केलं. मला वाटतं मी त्यांना आवडलेलो नाही. सकाळी त्यांनी कुजवलेल्या सोयाबीनचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. त्याला तार सुटत होती. मी म्हणालो, पोट भरलंय. तोवर मी काहीच खाल्लं नव्हतं, हे त्यांनी पाहिलं होतं. ते मला नावाने हाक मारत नाहीत. "ए ओसाका" म्हणतात. किशिवादा हे ओसाका शहरापासून चांगलं दूर आहे असं मी सांगितलं. ते म्हणाले, "इथून सगळं सारखंच दिसतं."

मळ्यात शेवंतीच्या पालेभाजीचे नऊ वाफे आहेत, प्रत्येक वीस पावलांचा. आपल्याकडची भाजी कशी बुटकी, जमिनीलगत पसरलेली असते. ही उभीच्या उभी वाढली आहे, गुडघ्याच्या वर. वेळेवर काढलेली नसावी. बिचाऱ्यांकडे माणूसबळ नाही. हे अर्थात मी बोललो नाही.

उद्या फुसाएच्या आईचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे. त्यासाठी दोघंही दोन दिवस नातेवाइकांकडे जाणार. काका म्हणाले, "तुझी मावशी सांगत होती, पोरगा या भाजीतच जन्मलाय. मग तुला काय शिकवायचं? सात तारखेला सकाळी बाजाराचा ट्रक येतो. माल तयार ठेव."

मावशी, आल्या आल्या मळा माझ्यावर सोपवलाय! त्यांनी परत येऊन पाहिलं की तोंडातून शब्द फुटू नये, असं काम मी करणार आहे.

तुझा तोकुजी


किशिवादा, १० नोव्हेंबर

तोकुजी,

तुझं पत्र खानावळीत मोठ्याने वाचलं. बंदरावरचे कोळी तुझी आठवण काढतात. बशा आता त्यांच्या त्यांना धुवाव्या लागतात.

पत्रातून वाफे किती पावलांचे ते कळलं. मुलगी कशी आहे ते नाही कळलं. तिला नाक आहे का? हसते का? की तिचीही लांबी पावलांनी मोजून कळवणार आहेस? अरे, तू तिथे लग्नाला गेलायस, जमिनीच्या मोजणीला नाही.

सोयाबीन नाक दाबून गीळ. मी माझ्या नवऱ्याच्या शेजारी अठ्ठावीस वर्षं झोपले, देव त्यांना शांती देवो. त्यापुढे सोयाबीनचा वास म्हणजे अत्तर आहे. आणि तिकडचा रस्सा काळाकुट्ट असतो म्हणतात, वाडग्याचा तळ दिसत नाही. घाबरू नकोस. तळाशी कोणी बसलेलं नसतं.

कामाची मात्र मला काळजी नाही. बोलायला चुकशील, बसायला चुकशील, मुलीकडे बघायला तर नक्कीच चुकशील. पण शेवंतीच्या भाजीत तू चुकणार नाहीस. तुझ्या आजोबांनी तू चालायच्या आधीच तुला त्या वाफ्यात बसवलं होतं. ट्रक गेल्यावर म्हातारा काय म्हणाला ते शब्द न् शब्द लिही. कोळी विचारतायत.

कोतो


तोगाने, २२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

इकडे हवा चांगली आहे. परवा ऊन होतं. काल सकाळी ऊन होतं आणि दुपारी ढग आले. आज सकाळपासून ढग आहेत, पण संध्याकाळी ऊन पडेल असा रंग आहे. समुद्रावरून वारा येतो. तो पूर्वेकडून येतो, कारण इथे समुद्र पूर्वेला आहे. आपल्याकडे तो पश्चिमेला आहे. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.

सात तारखेपासून मी धान्याच्या कोठीत झोपतो. तिथे हवा खेळती आहे.

फुसाएबद्दल विचारलंस. तिला नाक आहे. ती कमी बोलणारी असावी. निदान सात तारखेपासून तरी.

मालाचं म्हणशील तर ट्रक वेळेवर आला आणि भरून गेला. अगदी पूर्ण भरून गेला. काका काय म्हणाले ते शब्द न् शब्द लिहायला कागद पुरणार नाही.

आजोबांच्या वाणाचं बी तुझ्याकडे डब्यात असेल ना? असेल तर पाठव. जास्त असेल तर जास्त पाठव. कारण काही नाही. सहज.

कोळ्यांना नमस्कार.

तोकुजी


किशिवादा, २७ नोव्हेंबर

गाढवा,

नोव्हेंबर संपत आला आणि तुला कोठीत हवा खेळती लागते? तू लहानपणी माझी चिनी मातीची किटली फोडलीस तेव्हाही आधी अर्धा तास ढगांबद्दल बोलला होतास. काय फोडलंस ते सांग.

इथे खानावळीत तीन तट पडलेत. एक म्हणतो, तू दारू पिऊन म्हाताऱ्याच्या देव्हाऱ्यावर पडलास. दुसरा म्हणतो, तू मुलीला न्हाणीघरात चुकून पाहिलंस. मी म्हणते, तेवढं नशीब आणि तेवढी हिंमत या पोराकडे नाही. तुझी हिंमत त्या भाजीसारखीच. टोपलीभर दिसते, उकळत्या रश्शात टाकली की दोन चमचे. माझा अंदाज असा की तू सोयाबीन कोणाच्या तरी अंगावर ओकलास, बहुतेक श्राद्धाला आलेल्या भिक्षूंच्या.

खरं कळेपर्यंत बी मिळणार नाही. एक दाणाही नाही.

कोतो

ता. क. भिक्षू असतील तर झग्याला गरम पाण्याने धुऊ नकोस. तार आणखी सुटते.


तोगाने, १ डिसेंबर

प्रिय मावशी,

भिक्षू नाहीत. सांगतो. हे खानावळीत मोठ्याने वाचू नकोस.

५ तारखेला ते दोघं गेले. मी लगेच कामाला लागलो. आजोबा करायचे तसंच केलं. प्रत्येक रोप बुडाशी धरून, हलवून, मुळासकट उपटलं. मुळं तीन पाण्यांत धुतली. पिवळी पानं काढली. पेंढ्याने जुड्या बांधल्या, मुळं सगळी एका रेषेत. दोन दिवस मी भाताचे गोळे उभ्यानेच खाल्ले. नऊच्या नऊ वाफे झाले. वर वाफे झाडून काढले. ७ तारखेला ट्रकवाला आला. माल बघून त्याने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मला वाटलं, कौतुक करतोय.

दुपारी काका आले. मी दारातच उभा होतो. ते मळ्याकडे बघत राहिले.

"ए ओसाका, बाकीचं कुठाय?"

मी म्हणालो, "संपवलं. एकही शिल्लक ठेवलं नाही."

मावशी, मी हे छाती पुढे काढून म्हणालो. आता कोठीत झोप येत नाही ती त्या छातीमुळे.

काका लाकडी खोक्यावर खाली बसले. श्राद्धाचा काळा कोट, आणि खोक्यावर चिखल होता. मग फुसाएने मला समजावलं. ते तिचं माझ्याशी पहिलं लांब बोलणं. इकडे ही भाजी उपटत नाहीत. खुडतात. वरचा शेंडा खुडला की खालून फुटवे येतात, ते वाढले की ते खुडायचे, मग पुन्हा नवे. तेच रोप मार्चपर्यंत चालतं. म्हणून ती उंच वाढवतात. मी त्यांचा अख्खा हिवाळा एका ट्रकमध्ये भरून पाठवला होता.

काका शेवटी बोलले. "तुमच्याकडे केस कापायला गेलं की मुंडकं उतरवून देतात का रे?"

संध्याकाळी बाजारातून फोन आला. आडत्या इतका ओरडत होता की मला ओसरीवर ऐकू आलं. "अहो इशिगे, मुळं कशाला पाठवलीत? आम्ही इथे बाग लावू काय?" काका त्याची माफी मागत होते. माझ्याबद्दल एक शब्द त्यांनी फोनवर काढला नाही. ते जास्त लागलं.

त्याच रात्री मी गादी उचलून कोठीत गेलो. मला कोणी जा म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "वर्षअखेरीला परत जा. मार्चपर्यंत थांबून काय करणार? खुडायला काय उरलंय?" मी म्हणालो, मला चार वाफे द्या. आमच्याकडचं बी पेरतो. आमची भाजी झटपट येते, तिची एकदाच काढणी असते. २१ मार्चच्या आत नाही काढली तर मी आपणहून जाईन, गाडीभाडंही मागणार नाही. ते म्हणाले, "पेर. मोकळेच आहेत, तुझ्या कृपेने."

मावशी, मला इथून जायचं नाही. भाजीमुळे नव्हे. फुसाए मला समजावून सांगत होती तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं रडतेय. ती हसू दाबत होती. आई गेलेल्या घरात, श्राद्धाहून परत आल्या आल्या, नऊ वाफे गेलेले असताना. अशी मुलगी मला पुन्हा भेटणार नाही.

बी पाठव.

तोकुजी


किशिवादा, ६ डिसेंबर

तोकुजी,

मोठ्याने वाचलं. नाइलाज होता, अर्ध्यात माझा आवाज गेला आणि पुढचं कोळ्यांनी वाचलं. एकाने रश्शात तोंड बुडवलं, म्हणजे हसताना बुडलं. "मुळं सगळी एका रेषेत" हे आता इथे रोज म्हटलं जातं.

आता माझंही ऐक. तिकडे खुडतात हे मला माहीत नव्हतं. पण मध्यस्थाला मीच सांगितलं होतं की, "त्याला काही शिकवू नका, तो अपमान मानतो." तू शाळेत मागे पडलास ते कोणी विचारू नये म्हणून मी तुझं एवढं कौतुक केलं, की तुला बिचाऱ्याला काही विचारताच आलं नाही. तेव्हा त्या नऊ वाफ्यांतला एखादा माझ्या नावावर धर. एकच. उरलेले आठ तुझेच.

बी पाठवतेय. डब्यात होतं तेवढं सगळं. नीट वाच : दुसरं नाही. आजोबांची जमीन कारखान्यात गेली तेव्हा शेवटच्या हंगामाचं त्यांनी माझ्याकडे ठेवलं, आणि मी ते चहाच्या डब्यामागे विसरले. त्यांचा वाण जगात आता या पुडीत आहे. तेव्हा काढणी झाली तरी दहाबारा रोपं फुलायला सोड आणि बी धर. विसरलास तर तुझं लग्न झालं तरी मी येणार नाही.

रात्रभर भिजव. माती वर टाकू नकोस, नुसतं फळीने दाब, त्याला उजेड लागतो. हे तुला माहीत आहे. पण तुला माहीत असलेल्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडालाय.

आमच्या एका कोळ्याचा भाऊ तोक्योत आसाकुसाला आपल्या पद्धतीची खानावळ चालवतो. मुळासकट, कोवळी भाजी मिळत नाही म्हणून तो रडत असतो. त्याचा पत्ता मागे लिहिलाय.

कोतो


तोगाने, १४ जानेवारी १९७३

प्रिय मावशी,

उगवली! शंभरातली चाळीस उगवली. जुन्या बियाच्या मानाने हे पुष्कळ आहे. मी मोजली. बांबूच्या कामट्या वाकवून वर प्लॅस्टिक ताणलंय. सकाळी उघडतो, उन्हं उतरली की झाकतो.

काका माझ्या वाफ्यांकडे बघत नाहीत. ते रोज सकाळी तब्येतीसाठी चालायला जातात. पूर्वी जात नव्हते, असं फुसाए सांगते. चालणं वाफ्यांच्या भोवतीच असतं. सोळा फेऱ्या. काल म्हणाले, "बुटकीच राहणार का ही?" मी म्हणालो, हो, पसरतात. "आळशी भाजी," म्हणाले आणि एका वाफ्यावरचं सुटलेलं प्लॅस्टिक पायाने दाबून गेले.

फुसाए आता बोलते. जरा जास्तच. परवा मी प्लॅस्टिक झाकताना म्हणाली, "अंगाईसुद्धा म्हणतोस का यांना?" मी खरं सांगितलं, की नाही. ती म्हणाली, "म्हणून बघ. बाबांना आवाज जाईल इतक्या मोठ्याने." मी म्हटली नाही. पण गरम रताळं तिने अर्धं मला दिलं, आणि मोठं अर्धं दिलं. मी पाहून खात्री केली.

आसाकुसाच्या खानावळवाल्याला पत्र लिहिलंय. तो म्हणतो, समोर ये, बोलू.

सोयाबीन मी आता खातो. नाक न दाबता.

तोकुजी


तोगाने, २४ फेब्रुवारी

कोतोबाई यांस,

मला पत्र लिहायची सवय नाही. बाजाराला चिठ्ठी लिहितो तेवढीच. तुमच्या भाच्याचा शब्दकोश उघडा ठेवून लिहितोय. त्याने पाहिलं तर पान दुमडलं म्हणून रागवेल.

पोरगा काल तोक्योला गेला, त्या खानावळवाल्याला भेटायला. उद्या उपटणार होता. चारही वाफे असे भरले होते की माती दिसत नव्हती. मी चाळीस वर्षं भाजी केली, असं पान पाहिलं नाही. त्याच्या तोंडावर हे बोललो नाही. तुम्हीही सांगू नका.

आज सकाळी मला वाटलं, एकट्याने एवढं काढणार कधी? थोडी मदत करावी. बोलून नाही जमत, हाताने करावी. म्हणून बसलो.

बाई, मी खुडली.

भाजी दिसली की बोटं आपली आपण शेंड्याकडे जातात. चाळीस वर्षांची बोटं आहेत, त्यांना कोण थांबवणार? आणि खुडली पण काय छान! एकसारखी, चार बोटं. जवळजवळ चारही वाफे खुडून झाले तेव्हा फुसाए कपडे वाळत घालायला आली आणि बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, त्याची गिऱ्हाइकं मुळं मागतात. तुम्ही मुंडकं ठेवून घेतलंत आणि केस पाठवताय."

मग ती चिखलात बसून हसली. ओल्या चादरीसकट.

शेवटच्या वाफ्याच्या कोपऱ्यात अकरा रोपं राहिलीत. मला जाग आली म्हणून नव्हे. माझी पाठ धरली म्हणून. ती बियाला सोडायची असं फुसाए म्हणते, तुमचा तसा हुकूम आहे म्हणे. त्यांच्याभोवती मी दोरी बांधलीय आणि माझी मलाच आत जायची बंदी केलीय.

पोरगा संध्याकाळच्या गाडीने येईल. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. म्हणून सल्ला नकोय. फक्त कोणाला तरी आधी सांगायचं होतं.

गोनपेई इशिगे


तोगाने, २२ मार्च

प्रिय मावशी,

दोन महिने लिहिलं नाही, माफ कर. आधी काय लिहावं कळत नव्हतं, आणि कालपर्यंत काय ठरेल तेही माहीत नव्हतं.

२४ फेब्रुवारीला मी आसाकुसाचं नक्की करून आलो. तो म्हणाला होता, जेवढी असेल तेवढी आण. मी स्टेशनपासून धावत आलो. मळ्यात काका त्याच खोक्यावर बसले होते. मी वाफ्यांकडे पाहिलं. नुसते खुंट. मला वाटलं मी चुकीच्या मळ्यात आलोय.

तोंडातून आपोआप निघालं, "काका, बाकीचं कुठाय?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "संपवलं."

मी दुसरं खोकं ओढून शेजारी बसलो. रागवायचं होतं, खूप. मनात वाक्यं जुळवलीही. पण त्यांची बोटं हिरवी झाली होती आणि ती ते अंगरख्यात लपवत होते. मी किटली फोडली होती तेव्हा तुकडे असेच लपवले होते. शेवटी मी म्हणालो, "छान खुडलीय." ते म्हणाले, "एकसारखी आहे ना?" मी म्हणालो, "हो. सगळी एका रेषेत." कपड्यांच्या दोरीमागून फुसाएचा आवाज आला, की तुम्हा दोघांना आता एकमेकांशीच लग्न करायचंय का.

आसाकुसाला माफीचं पत्र गेलं. भाजी आम्ही नऊ दिवस खाल्ली. तिळात कालवून, पिठात तळून, मासळीच्या रश्शात शेवटी टाकून. काका म्हणाले, "देठाला दम नाही, पण पान गोड आहे." मग दुसरा वाडगा घेतला.

पण काढणी तर झाली नव्हती. मुदत माझीच होती. म्हणून काल सकाळी मी गादी गुंडाळली, कोठी झाडली आणि सामान बांधून ओसरीवर आलो. काका म्हणाले, "ते ठेव तिथे. आधी थडग्यावर जायचंय. बादली घे."

फुसाएच्या आईच्या थडग्यापाशी त्यांनी उदबत्ती लावली आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागले, जणू ती स्वयंपाकघरात आहे. "हा तो ओसाका. याने नऊ वाफे उपटले. मी याचे चार खुडले. अजून पाच वाफ्यांचं भांडण बाकी आहे. ते मिटेपर्यंत याला ठेवून घेतोय. लवकर मिटेल असं वाटत नाही."

मग हात जोडलेलेच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी ओत, तोकुजी."

मावशी, मी अर्धं पाणी दगडावर ओतलं आणि अर्धं स्वतःच्या बुटांवर.

गादी घरात आली आहे. लग्न नोव्हेंबरात, पहिल्या भाजीला. त्या आठवड्यात घरातलं कोणीही कुठल्याही श्राद्धाला जाणार नाही, असं ठरलंय. अकरा रोपांना कळ्या आल्यात. बी धरलं की अर्धं तुला पाठवीन. चहाच्या डब्यामागे ठेवू नकोस.

तुझा तोकुजी

ता. क. मावशी, मी फुसाए. हा पत्र पाकिटात घालून तिकीट आणायला गेलाय म्हणून लिहितेय. लग्नाच्या जेवणाला एकच मोठं मातीचं भांडं असेल, त्यात अर्धी भाजी खुडलेली आणि अर्धी मुळासकट काढलेली. कोणता पाहुणा कोणती उचलतो ते बघायला हे दोघं समोरासमोर बसणार आहेत, आत्तापासून जागा ठरल्यात. तुम्ही मध्ये बसा. आणि काहीही वाढलं तरी आधी माझ्याकडे बघून मगच खा.